खुर्चीखालचा हिरवा पट्टा

खुर्ची मी लाकडासाठी घेतली होती. उंच पाठ, वळणदार हात, पुढचे पाय जरा बाहेर झुकलेले. कापड काय, बदलता येईल असंच डोक्यात होतं. वर तपकिरी रेक्झिन होतं, तडे गेलेलं. एका रविवारी ते काढायला बसले.

रेक्झिन स्टेपलच्या पिनांनी ठोकलेलं होतं. त्याच्याखाली पट्ट्यापट्ट्यांचं जाड सुती कापड निघालं, तेही पिनांनीच धरलेलं. त्याच्याखाली मात्र पिना नव्हत्या, चुका होत्या. चपट्या डोक्याच्या, गंजून लाल झालेल्या चुका, म्हणजे बारीक खिळे. त्यांनी धरलेलं कापड छापील होतं. मूळचं पांढुरकं असावं, पण मळून धुळकट झालेलं. त्यावर विटक्या गुलाबी फुलांची वेल आणि निळी पानं. पानं निळी का, हा प्रश्न पडला आणि मी तो बाजूला ठेवला. मग पाठीच्या खालच्या कडेची एक चूक उपटली. कापड तिथे आत दुमडून लाकडावर ठोकलेलं होतं. दुमड उलगडली. दोन बोटं रुंदीचा पट्टा, आणि त्या पट्ट्यावरचं पान हिरवंगार.

एकच पान, अर्धं निळं आणि अर्धं हिरवं. मधली सीमारेषा दुमडीच्या घडीवर, पट्टी लावून आखल्यासारखी सरळ.

त्या दिवशी खुर्चीचं काम थांबलं आणि कापडाचं सुरू झालं. ते पुढे पाच महिने चाललं.

पानं निळी का पडतात, ते आधी सांगते. आज हिरवा रंग एकाच डब्यात मिळतो. जुन्या रंगाऱ्यांकडे पक्का आणि सुंदर असा एकच हिरवा वनस्पतिजन्य रंग नव्हता. ते आधी निळीचा हात द्यायचे आणि त्यावर पिवळा चढवायचे, किंवा उलट. युरोपात हा पिवळा बऱ्याचदा वेल्ड नावाच्या झाडापासून काढलेला असे. नीळ उजेडाला दाद देत नाही, पिवळा मात्र हळूहळू उडून जातो. म्हणून युरोपातल्या जुन्या विणलेल्या भित्तिचित्रांत सगळी जंगलं निळी दिसतात. विणणाऱ्यांनी ती हिरवीच विणली होती. माझ्या खुर्चीवरच्या पानांतला पिवळा असाच उडाला होता. दुमडीच्या आत अंधार होता, तिथे तो टिकला.

त्यामुळे माझा पहिला नियम असा झाला की जुनं गादीकाम उघडताना कात्री हातात घ्यायचीच नाही. चूक उपटायची, पिना उचलायच्या, कापड उलगडायचं. घाईत कडा कापून टाकल्या की मूळ रंग दाखवणारा एकमेव पुरावा कचऱ्यात जातो. सोफ्याची कामं करणारे पुष्कळदा जुनं कव्हर काढत नाहीत, त्यावरच नवं ठोकतात. म्हणून एकाच खुर्चीत दोन-तीन पिढ्यांची कापडं एकावर एक सापडतात. प्रत्येक थर उघडण्याआधी फोटो काढा. थराला क्रमांक द्या आणि कुठला तुकडा पाठीचा, कुठला हाताचा, वर कुठली बाजू, ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहून सैल टाक्याने जोडा. टाचणी नको, गंजते. आणि तोंडाला चांगला मास्क लावा. जुन्या भरणातली धूळ साधी नसते. कसर लागू नये म्हणून पूर्वी डीडीटीपासून आर्सेनिकच्या संयुगांपर्यंत काय काय फवारलेलं असे.

खुर्चीशिवाय जुनं कापड कुठे सापडतं? माझा सगळ्यात चांगला अनुभव पडद्यांचा आहे. अस्तर लावलेले जाड पडदे दिसले की मी खालची दुमड बघते. तिथे हातभर कापड आत वळवलेलं असतं, तेही न विटलेलं. पलंगाच्या डोक्याकडच्या गादीची मागची बाजू आणि उचलून काढता येणाऱ्या बैठकीच्या खालची कड याही चांगल्या जागा. जुन्या दुकानातल्या नमुन्यांच्या वह्या मिळाल्या तर सोनंच. त्यातले तुकडे वीतभरच असतात, पण रंग काल छापल्यासारखे. घेण्याआधी मी तीन गोष्टी करते. वास घेते, कारण बुरशीचा वास धुऊनही पूर्ण जात नाही. कापड उजेडासमोर धरते, म्हणजे झिजलेल्या जागा आणि कसरीची भोकं दिसतात. आणि कड दोन बोटांत धरून अगदी हलकी वाकवते. कागदासारखा कडकड आवाज आला तर कापड खाली ठेवते.

तो आवाज रेशमाचा असेल तर त्याचं एक खास कारण असतं. कच्च्या रेशमावर नैसर्गिक डिंक असतो. तो धुऊन काढला की रेशमाचं वजन जवळपास पाव हिश्शाने घटतं. रेशीम वजनावर विकलं जायचं, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कथिलाच्या क्षारांत बुडवून ती घट भरून काढायची, आणि कधी त्याहून पुष्कळ जास्त वजन चढवायची पद्धत पडली. रेशमाला छान भारदस्त झोक यायचा. पण ते क्षार धाग्याला आतून कुरतडतात. असं कापड पुढे उभ्या-आडव्या फटींनी आपोआप फाटत जातं. त्याला ना पाणी चालतं ना टाका. असा एक सुंदर फिकट जांभळा तुकडा मी केवळ मोहापायी घेतला. तो आजही पेटीत सपाट पडून आहे. त्याला हात लावायची माझी हिंमत नाही.

आता माझ्या कापडाकडे येते. धुवायचं की नाही हे ठरवण्याआधी ते काय आहे, हे कळणं भाग होतं. कापड उलटं केलं की अर्धी उत्तरं मिळतात. नक्षी विणीत असेल तर मागे तरंगणारे धागे दिसतात, रंगांची अदलाबदल दिसते. फ्रान्समधल्या लियाँच्या जकार्डने १८०४ मध्ये भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांनी चालणारं यंत्र आणलं, आणि अशी विणलेली फुलं काढायला मागावर दोरे ओढणाऱ्या माणसाची गरज उरली नाही. नक्षी छापील असेल तर मागची बाजू फिकट, नाहीतर कोरी. माझ्याकडे मागे फिकट सावली होती, म्हणजे छापील.

छपाई कशाने केली, हेही शोधता येतं. तांब्याच्या मोठ्या सपाट पत्र्यावरून छापलेली नक्षी पुन्हा सुरू व्हायला कधी मीटरभर जागा घेते. पॅरिसजवळच्या जुई-आँ-जोसासमध्ये ओबरकाम्फने १७६० मध्ये काढलेल्या कारखान्याची, एकाच रंगात मेंढपाळ आणि पडके महाल दाखवणारी कापडं अशी आहेत. रुळावर छापलेली नक्षी रुळाच्या घेराइतक्या अंतरावर परत येते. रुळाच्या छपाईचं पेटंट थॉमस बेलने १७८३ मध्ये घेतलं. आणि लाकडी ठशाने छापलेल्या कापडावर, नीट शोधलं तर, कोपऱ्याकोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढे ठिपके सापडतात. पुढचा ठसा नेमका जुळावा म्हणून ठशाच्या कोपऱ्यात पिना बसवलेल्या असत, त्यांचे हे ठिपके. भिंगाखाली एका फुलाच्या देठाशी मला असा ठिपका दिसला. मग त्याच अंतरावर दुसरा. मग तिसरा. कुणीतरी हाताने ठसा उचलून, रंगात बुडवून, त्या ठिपक्यावर नेऊन टेकवला होता. पुन्हा आणि पुन्हा, सबंध ताग्यावर. मी भिंग ठेवून काही वेळ नुसती बसून राहिले.

अशा फुलापानांच्या छापील सुती कापडाला इंग्रजीत चिंट्झ म्हणतात. तो शब्द आपल्याच चीट किंवा छीट या शब्दावरून गेला आहे. भारतातून गेलेल्या रंगीत, धुतलं तरी रंग न जाणाऱ्या या सुती कापडाने युरोपातल्या लोकांना इतकं वेड लावलं की तिथल्या रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांचा धंदा बसला. फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडने १७२१ मध्ये केलेला बंदीचा कायदा १७७४ मध्ये उठला. सोफ्याच्या आणि पडद्यांच्या कापडात फुलांच्या वेली आजही संपत नाहीत, त्याचं मूळ इथे आहे. घरातली एखादी जुनी फुलाफुलांची गादी बघताना मला हे आठवतं आणि बरं वाटतं.

धागा कुठला, हे तपासायला मी शिवणीच्या आतून एक सुटा धागा काढते. चिमट्यात धरून धातूच्या ताटलीवर जाळते, शेजारी पाणी ठेवून. सूत आणि लिनन भराभर जळतं, जळक्या कागदाचा वास, मागे मऊ राखाडी राख. लोकर आणि रेशीम केस जळल्यासारखा वास देतं, आकसतं, आणि उरलेला काळा गोळा बोटांनी चुरडला जातो. पॉलिएस्टर वितळून टणक मणी होतो. फसवतं ते रेयॉन. सेल्युलोजपासूनच बनत असल्याने ते सुतासारखंच जळतं. मग ओल्या धाग्याची परीक्षा घ्यावी लागते. धागा ओला करून ओढायचा. सूत ओलं झाल्यावर मजबूत होतं, रेयॉनची ताकद निम्म्यापर्यंत घटते.

ही ओळ मी फार मोठी किंमत देऊन शिकले. या खुर्चीच्या दोन वर्षं आधी मला एक पडदा मिळाला होता. चमकदार, जाड, राखाडीवर पिवळे भौमितिक आकार, विसाव्या शतकाच्या मध्यावर आवडायचे तसे. सुती समजून मी तो टबात भिजवला, दोन कोपरे धरले आणि उचलला. पाण्याने जड झालेला तो पडदा स्वतःच्या वजनाने मधोमध फाटला. आवाजही झाला नाही. ओलं कापड कधीही कोपऱ्याने उचलायचं नाही. खाली जाळी घालायची आणि जाळीसकट उचलायचं. तो पडदा सुती असता तरी हेच करायला हवं होतं.

खुर्चीच्या कापडाचा धागा सुती निघाला. पण एक अडचण होती. पानांच्या आणि देठांच्या कडेला गडद तपकिरी रेघ छापलेली होती, आणि ठिकठिकाणी ती रेघ कापडात उरलीच नव्हती. बाजूचं पान जागच्या जागी, बाजूचं फूल जागच्या जागी, मधली रेघ तेवढी झडलेली. जुने तपकिरी आणि काळे रंग लोहाच्या रंगबंधकावर पक्के केले जायचे. ते लोह आणि त्यासोबतचं आम्ल वर्षानुवर्षं त्या जागचा धागा खात राहतं. म्हणजे माझ्या कापडाला दोन दुखणी होती. उजेडाने पिवळा नेला होता आणि लोहाने रेघा नेल्या होत्या. दोन्ही परत येणार नव्हतं. मला करता येण्यासारखं एवढंच होतं की झीज इथे थांबवायची आणि उरलेलं धरून ठेवायचं.

साफसफाई कोरडीच सुरू केली. धुळीतले बारीक कण धारदार असतात, कापड हललं की धागे कापतात. व्हॅक्यूम क्लीनर सगळ्यात कमी ओढीवर ठेवला, कापडावर नायलॉनची जाळी ताणली आणि नळी जाळीच्या जरा वर धरून फिरवली. ब्रश लावला नाही. पुढची बाजू, मागची बाजू, पुन्हा पुढची. लोकरीचं कापड असतं तर त्याआधी कसरीचा बंदोबस्त केला असता. तुकडा पॉलिथिनमध्ये हवा काढून घट्ट बंद करायचा आणि डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायचा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पूर्ण एक दिवस खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर थंड कापडावर दव धरतं. फवारे आणि डांबराच्या गोळ्यांपेक्षा मला हा उपाय कितीतरी पटींनी आवडतो.

मग रंगांची परीक्षा. प्रत्येक रंगावर, मागच्या बाजूने, एक थेंब पाणी. त्यावर पांढरा टीपकागद, वर काचेचं वजन, दहा मिनिटं. मग तेच साबणाच्या पाण्याने. निळा टिकला, गुलाबी टिकला. तपकिरीने कागदावर पुसट खूण सोडली, पण ती रंगाची नव्हती, मळाची होती. दुसऱ्यांदा कागद स्वच्छ आला. एकही रंग सुटला असता तर मी धुण्याचा विचार सोडून दिला असता. १८५६ मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला मलेरियावरचं औषध क्विनाइन बनवता बनवता जांभळा रंग सापडला, आणि त्यानंतर कृत्रिम रंगांचा पूर आला. त्या सुरुवातीच्या रंगांपैकी कितीतरी पाणी आणि उजेड दोन्हींपुढे टिकत नाहीत. कापड त्या काळातलं वाटलं तर ही परीक्षा दोनदा करावी. चिंट्झवर मेण किंवा खळीची चकाकी असेल तर तीही पहिल्याच धुण्यात जाते. ती चकाकी हवी असेल तर धुऊ नये.

धुणं असं झालं. मोठा सपाट ट्रे, त्यात जाळी, जाळीवर कापड, त्यावर दुसरी जाळी. कोमटाहूनही थंड, मऊ म्हणजे कमी क्षारांचं पाणी. साबण उदासीन, म्हणजे ना आम्लधर्मी ना अल्कधर्मी, त्यात ब्लीच नाही, एन्झाइम नाहीत, कपडे उजळ दाखवणारी रसायनं नाहीत. चोळणं नाही, पिळणं नाही. स्पंज वरून दाबायचा आणि सोडायचा. पहिलं पाणी इतकं तपकिरी झालं की मला क्षणभर वाटलं, रंग गेला. रंग नव्हता. म्हाताऱ्या सुताचं सेल्युलोज तुटत जाताना जे पिवळं-तपकिरी आम्लयुक्त द्रव्य बनतं, ते धुऊन निघत होतं. तेच आत राहिलं की झीज वाढत जाते, म्हणून हे पाणी बघून मला फार समाधान वाटलं. नऊ वेळा पाणी बदललं. शेवटची दोन डिस्टिल्ड पाण्याची. चुकांभोवतीचे गंजाचे गोल डाग राहिले आणि मी ते राहू दिले. गंज काढणारी आम्लं डागाबरोबर धागाही नेतात.

वाळवताना कापड जाळीसकट उचलून काचेवर उलगडलं. ओलं असतानाच बोटाच्या टोकाने ताणा आणि बाणा काटकोनात आणला. वर टर्किश टॉवेल दाबून पाणी टिपलं. इस्त्री नाही, ऊन नाही. पंखा दूर, हळू. सकाळी कापड मऊ झालेलं होतं, आणि फुलांच्या गुलाबीत एक दुसरा, जरा गडद गुलाबी दिसू लागला होता, जो मळाखाली मला कधी दिसलाच नव्हता.

एका मैत्रिणीने सुचवलं की आता पानं फॅब्रिक पेंटने हिरवी करून टाक, मूळ हिरवा तर तुला माहीत आहे. तिचं म्हणणं मी आठवडाभर मनात घोळवलं. मूळ हिरवा माझ्यासमोर होताच, मोह खरा होता. पण पेंट धाग्यावर थर धरतो, कापड ताठ करतो, पुढे भेगाळतो, आणि एकदा लावला की काढता येत नाही. आणि ते निळं पान म्हणजे त्या कापडाचं घडलेलं आयुष्य होतं. मी रंग लावला नाही.

डागडुजीबद्दल माझं मत ठाम आहे. रफू ही फार देखणी कला आहे, चांगल्या रफूगराचा हात बघत राहावा असा असतो. पण रफूला भोकाभोवतीचं कापड धडधाकट लागतं, कारण नवा धागा त्यातच ओवून ताणला जातो. जिथे रेघेच्या बाजूचा धागाही थकलेला आहे, तिथे रफू घातली तर नवा धागा जुन्याला कापत जातो आणि भोक रफूच्या कडेने पुढे सरकतं. इस्त्रीने चिकटणारं अस्तर तर अजिबात नको. त्याचा गोंद पिवळा पडतो, ताठ होतो आणि निघत नाही.

मी आधाराचं कापड घातलं. पातळ, घट्ट विणीचं सुती पॉपलिन, आधी गरम पाण्यात धुऊन आटवून घेतलेलं, मग मळकट पांढऱ्या छटेत रंगवलेलं. भोकातून दिसणारा हा रंग शेजारच्या कापडापेक्षा किंचित गडद ठेवावा. फिकट ठेवला तर भोक डोळ्यात भरतं. दोन्ही कापडांचा ताणा एकाच दिशेला ठेवून सपाट टेबलावर पसरली आणि सैल धावदोऱ्याने जागोजाग धरली. मग मुख्य काम. भोकाच्या एका बाजूच्या चांगल्या कापडातून दुसऱ्या बाजूच्या चांगल्या कापडापर्यंत एक लांब धागा आडवा टाकायचा, न ताणता, नुसता निजवल्यासारखा. मग त्याच्यावरून साधारण अर्ध्या सेंटिमीटरवर एकेक इवला उभा टाका घेऊन तो आधाराच्या कापडाला बांधायचा. शेजारी दुसरा आडवा धागा, तसाच. सुई वाकडी, चंद्रकोरीसारखी, म्हणजे कापड उचलावं लागत नाही. धागा जुन्या कापडापेक्षा नाजूक. उद्या कुठे ओढ बसलीच तर माझा धागा तुटला पाहिजे, कापड नाही.

एका संध्याकाळी दोन-तीन इंच रेघ होते. काही संध्याकाळी तेवढीही नाही. पाठीच्या तुकड्यावर तेवीस जागा होत्या. चार महिने लागले. नवव्या-दहाव्या जागेनंतर हात बसला आणि पहिल्या तीन जागा मी उसवून पुन्हा केल्या, कारण तिथले टाके फार घट्ट आले होते आणि कापड त्यांच्याभोवती चुणलं होतं.

मखमलीबद्दल कुणी विचारेल म्हणून इथेच सांगते. मखमलीला ही पद्धत अर्धीच लागू पडते. टाका लव दाबतो, पाण्याने लव बसते. माझ्याकडच्या मोहेअरच्या, म्हणजे अंगोरा शेळीच्या लोकरीच्या, मखमलीला मी फक्त मागून, वीतभर लांबून वाफ दिली आणि लव हाताने उठवली. ती शिवताना एक भान ठेवावं की लव सगळीकडे एकाच दिशेला झुकली पाहिजे. नाहीतर एकाच कापडाचे दोन तुकडे दोन रंगांचे दिसतात.

आता हे कापड परत खुर्चीवर कुठे लावायचं? सोफ्याची कामं करणारे एक काका मला पूर्वीपासून मदत करतात. त्यांनी कापड हातात घेतलं, उजेडासमोर धरलं, म्हणाले, “ताई, हे बसायला नाही लावायचं. वर्षभरात बसून बसून संपेल.” ते बरोबर बोलत होते. रोजच्या घरगुती वापराचं नवं कापड, घासून झीज मोजणाऱ्या मार्टिनडेल यंत्रावर साधारण १५,००० ते २५,००० घासण्यांना टिकावं अशी अपेक्षा असते. माझ्या कापडाने त्याच्या वाट्याच्या सगळ्या घासण्या केव्हाच सोसल्या आहेत. जुन्या कापडाला पुन्हा त्याच्या पहिल्याच कामाला जुंपू नये. उशीच्या पुढच्या बाजूला, भिंतीवरच्या चौकटीत, पडद्याच्या वरच्या पट्टीत, खुर्चीच्या पाठीच्या बाहेरच्या अंगाला, जिथे कुणी टेकत नाही, अशा जागा त्याला द्याव्यात.

काकांनी बैठक नव्याने बांधली. पट्टे, गोणपाट, घोड्याच्या केसांचं जुनंच भरण उन्हात झटकून मोकळं केलेलं, वर मांजरपाट. बैठकीला आणि पाठीच्या आतल्या बाजूला साधं लोकरी कापड लावलं, हिरवं. तो हिरवा निवडायला मी दुमडीतला दोन बोटांचा पट्टा घेऊन फिरले होते. बाविसावा नमुना जुळला. जुनं कापड पाठीच्या बाहेरच्या अंगाला गेलं. ते लाकडावर ठोकलं नाही. कडेने रुंद सुती पट्टी शिवली आणि चुका त्या पट्टीत मारल्या. लाकडातून आम्ल सुटतं, म्हणून मध्ये धुतलेल्या मांजरपाटाचा थर घातला.

खुर्ची आता खोलीच्या आतल्या कोपऱ्यात असते, खिडकीकडे पाठ न करता. संग्रहालयं कापडांवर ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासच उजेड पडू देतात. घरात तेवढा अंधार ठेवून राहता येत नाही, पण खिडकीच्या काचेला अतिनील किरण अडवणारी फिल्म लावता येते, आणि कुणी नसताना पडदा ओढून घेता येतो. उरलेले तुकडे घडी घालून ठेवलेले नाहीत. घडीवर धागा मोडतो. जाड नळीवर आम्लरहित कागद गुंडाळून, छापील बाजू बाहेर ठेवून, कापड गुंडाळलं आहे आणि वर धुतलेल्या सुती कापडाची खोळ आहे. प्लास्टिक नाही.

हिरवा पट्टा कापला नाही. पाठीच्या खालच्या कडेला तो पहिल्यासारखाच आत दुमडलेला आहे, फक्त चुकांऐवजी चार सैल टाक्यांवर, उसवता येतील असा. बैठकीच्या तळाशी, काळ्या कापडाच्या आत, एक छोटी सुती पिशवी शिवली आहे. तिच्यात रेक्झिनचा एक चौकोन, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा एक चौकोन, गंजलेल्या तीन चुका कागदात गुंडाळून, आणि एका कापडी फितीवर पक्क्या शाईने लिहिलेली नोंद आहे. कुठलं कापड कुठून निघालं, कशाने धुतलं, कुठला धागा वापरला, कुठे उसवायचं. शेवटी लिहिलं आहे की पानं मुळात हिरवी होती, खालची दुमड उघडून बघा.